स्वेटर बेतताना

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरलं की सगळे जण पद्मपाणीसमोर जाऊन थांबतात. थांबायलाच हवं. पण तिथून निघण्याआधी एकदा मान वर करून छताकडे बघा. छतावरच्या चौकटींमध्ये एके ठिकाणी काही परदेशी पाहुणे बसलेत. डोक्यावर टोप्या, चेहऱ्यावर दाढी, अंगात लांब बाह्यांचे अंगरखे, हातात प्याला. जेम्स फर्ग्युसननं १८७९ साली मांडलं होतं की हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो आहे. पुढच्या अभ्यासकांनी ते मान्य केलं नाही. लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानलं जातं आणि हा खुस्रो गादीवर आला ५९० मध्ये. खुस्रो असो वा नसो, कपडे मात्र इराणी धाटणीचे आहेत.

गाईड मंडळी टॉर्चचा झोत नेमका त्यांच्या पायांवर टाकतात. 'सर, सॉक्स बघा.' आणि पायांत खरंच मोजे दिसतात.

मी सोयगावचा. फर्दापूर आमच्याच तालुक्यात, त्यामुळे लेणी म्हणजे आमच्यासाठी पाहुणे आले की दाखवायची जागा. हे मोजे मी कितीतरी वेळा बघितलेत, पण त्यांचा विचार करायला लागलो तो गेल्या वर्षी, हातात सुया आल्यावर. 'मोजा' हा शब्दसुद्धा मूळ फारसी. म्हणजे वस्तूही बाहेरची आणि तिचं नावही बाहेरचं. दोन्ही आपल्याकडे आली आणि राहिली.

आता गंमत अशी, की छतावरचे ते मोजे विणलेले असतील का, तर आज आपण ज्याला दोन सुयांवरचं विणकाम म्हणतो त्या अर्थानं नाही. अशा विणकामाचे जगातले सगळ्यांत जुने खात्रीचे नमुने इजिप्तमध्ये सापडले आणि ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. तेही लोकरीचे नाहीत. सुती आहेत, पांढऱ्यावर निळी नक्षी असलेले, आणि बहुतेक मोजेच आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारानं काढलेले मोजे कापून शिवलेले असतील, किंवा एका सुईनं गाठीगाठींनी केलेले असतील. टाक्यातून टाका काढायची कला तेव्हा जगाला माहीत होती असा पुरावा नाही.

हा सगळा इतिहास मी वाचत बसलो त्याला कारण एक स्वेटर आहे. पिळांच्या विणीचा, पुढून उघडणारा, बटणांचा. ज्याला पॅटर्नच्या पुस्तकात 'केबल कार्डिगन' म्हणतात. तो माझ्या आजीसाठी आहे. आजी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, तिची पाठ वाकली आहे, उजवा खांदा आखडला आहे, आणि जगातल्या कुठल्याही पुस्तकात तिच्या मापाचा स्वेटर नाही.

विणणे एक, कामं दोन

मराठीत आपण बाज विणतो, टोपली विणतो, घोंगडी विणतो आणि स्वेटरही विणतो. शब्द एकच. पण घोंगडी आणि स्वेटर ही मुळातून वेगळी कामं आहेत.

घोंगडी मागावर होते. उभे धागे ताणून ठेवायचे, आडवा धागा त्यांतून खालीवर न्यायचा. महाराष्ट्रात लोकर काही नवीन नाही. दख्खनी मेंढी धनगरांनी शतकानुशतकं राखली, सणगरांनी तिच्या लोकरीची घोंगडी खड्डामागावर विणली आणि चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ केली. ही लोकर भरड. तिच्यातून पाऊस सहज आत येत नाही, जमिनीवर अंथरली तर गारठा वर येत नाही. पण तिचा मऊ, बारीक, ओढला तर न तुटणारा धागा काढणं अवघड. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यासाठी ती लोकर नव्हतीच.

आणि तशी गरजही नव्हती. आपल्याकडचे जुने कपडे आठवा. धोतर, लुगडं, उपरणं, शेला, पागोटं, घोंगडी. सगळे लांब चौकोन. यांना माप नसतं. म्हणजे लांबी असते, पण ती कापडाची, माणसाची नाही. जाड बाई, बारीक बाई, गरोदर बाई, म्हातारी बाई, लुगडं तेच. कपडा अंगावर बसवायचं काम नेसणारीचे हात रोज सकाळी करतात. आजी अजूनही नऊवारी नेसते. पाठ वाकली तसा तिनं नेसण्याचा ओचा आणि काष्टा बदलला. शिंप्याकडे जायला लागलं नाही.

दोन सुयांच्या विणकामात एकच धागा असतो. एका फासातून दुसरा फास, त्यातून तिसरा. म्हणून ते कापड ताणलं जातं, परत आपल्या जागी येतं, आणि एक टोक ओढलं तर अख्खं उसवतं. शिवाय ते कापण्याआधीच आकार घेतं. मुंढ्याला टाके कमी करायचे, छातीला वाढवायचे, की कापड विणतानाच माणसासारखं होत जातं. म्हणजे पहिला टाका घालण्याआधी माणूस मोजावा लागतो. आपल्याकडे कपड्यासाठी शरीर मोजण्याची सवय शिंप्याबरोबर आणि स्वेटरबरोबर घराघरात पोचली.

थंडीनं गारठलेले सैनिक आणि तीन नावं

ज्या स्वेटरला आपण कार्डिगन म्हणतो त्याचं नाव एका इंग्रज सरदाराचं आहे. जेम्स ब्रुडेनेल, कार्डिगनचा सातवा अर्ल. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात बॅलाक्लाव्हाच्या लढाईत रशियन तोफांवर थेट चालून गेलेल्या घोडदळाचं नेतृत्व त्यानं केलं. तो पुढून उघडं असलेलं विणलेलं जाकीट घालायचा आणि त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

त्याच युद्धात ब्रिटिश सेनेचा मुख्य होता लॉर्ड रॅग्लन. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. खांद्याला शिवण नसलेली, गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली बाही आज जगभर 'रॅग्लन' म्हणून ओळखली जाते. ती त्याच्या तुटलेल्या हाताच्या सोयीसाठी बेतली गेली अशी आख्यायिका आहे. तुमच्या कपाटातल्या एखाद्या टी-शर्टाची बाहीही एका जखमी माणसाच्या नावाची असेल.

आणि तिसरं नाव बॅलाक्लाव्हा. डोळे-नाक सोडून सगळं डोकं झाकणारी विणलेली टोपी. आपण तिला माकडटोपी म्हणतो आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांना चिडवतो. हे नाव युद्धानंतर काही वर्षांनी रूढ झालं.

एकाच युद्धातून तीन लोकरी नावं का निघाली? कारण थंडी. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात 'प्रिन्स' नावाचं जहाज बॅलाक्लाव्हाच्या बंदराबाहेर बुडालं. त्यात सैन्याचे हिवाळी कपडे होते. त्या हिवाळ्यात गोळ्यांपेक्षा आजारानं आणि गारठ्यानं जास्त माणसं मेली. इंग्लंडमध्ये बातम्या पोचल्या, आणि घराघरातल्या बायकांनी सुया हातात घेतल्या.

सरकारचं नियोजन चुकलं की बायका विणायला बसतात. ही गोष्ट पुढे दोन्ही महायुद्धांत घडली. मग आपल्याकडे घडली.

शाळेतला तास

पण त्याआधी मराठी मुलींच्या हातात सुया आल्या कशा?

मुख्यतः शाळेतून. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी मुलींच्या शाळा काढल्या. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी दीर्घकाळ काम केलं. अशा शाळांमध्ये वाचन-लेखनाबरोबर शिवण, भरतकाम, विणकाम असायचं. युरोपात सतराव्या शतकापर्यंत मोजे विणणं हा पुरुषांचाही रीतसर धंदा होता, त्यांचे संघ होते. भारतात मात्र ही कला पोचली तेव्हा तिच्यावर 'बायकांचं काम' असा शिक्का आधीच बसला होता.

या तासाकडे दोन बाजूंनी बघता येतं. मुलीला शाळेत पाठवायला घाबरणाऱ्या बापाला 'शिवण-टिपण शिकेल' हे कारण पटायचं. म्हणजे सुईच्या आडून पाटी-पुस्तक घरात शिरलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा हातकामाला आणखी एक अर्थ आला. विधवा किंवा टाकलेली बाई त्यावर चार पैसे कमवू शकेल.

दुसरी बाजू अशी, की तीच सुई कुंपणही झाली. मुलींना गणित कमी आणि शिवण जास्त असावं, असं म्हणणारे बरेच होते. १८८२ च्या हंटर आयोगानंही मुलींचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा आणि वेगळा असावा असं सुचवलं. यातला विनोद कळायला स्वतः एक केबल विणून बघावी लागते. गणित झेपणार नाही म्हणून मुलींना जे काम दिलं, ते आतून-बाहेरून गणितच आहे.

मी कोडिंग करून पोट भरतो, म्हणून हे मला जरा जास्त जाणवतं. सुलट आणि उलट असे दोनच टाके. शून्य आणि एक म्हणा हवं तर. 'दोन सुलट, दोन उलट, कंसातलं सहा वेळा, शेवटी एक सुलट' हे वाक्य सरळ सरळ लूप आहे. पिळासाठी तीन टाके जादा सुईवर काढून पुढे ठेवायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग जादा सुईवरचे. म्हणजे दोन गटांची जागा अदलाबदल, मधे तात्पुरता साठा. हे मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकलो. आजी आठवीत शिकली.

१९६२

आजी मूळची जळगावची. लग्न होऊन घाट न चढताच सोयगावला आली, कारण सोयगाव डोंगराच्या खानदेशाकडच्या पायथ्याला आहे. १९६२ मध्ये ती चौदा वर्षांची होती.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीननं नामका चू नदीवर आणि लडाखमध्ये हल्ला केला. नामका चूवर असलेल्या सातव्या ब्रिगेडचे जवान उन्हाळी सुती गणवेशात होते. हिमालयात, ऑक्टोबरमध्ये. ब्रिगेडियर जॉन दळवी या ब्रिगेडचे प्रमुख होते. ते युद्धकैदी झाले आणि परत आल्यावर त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' हे पुस्तक लिहिलं. ते १९६९ मध्ये आलं. कपडे, दारूगोळा, रस्ते, सगळ्याची टंचाई त्यात आहे. मराठीत 'जिवावर बेतणं' म्हणतात ते इथे शब्दशः खरं झालं. कपडा अंगावर बेतला नाही, म्हणून तो जिवावर बेतला.

देशभर लोकांनी संरक्षण निधीला पैसे दिले, बायकांनी अंगावरचे दागिने दिले. आणि विणलं. महिला मंडळांत, शाळांत, चाळीतल्या गॅलऱ्यांत जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले गेले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याच सुमारास मराठी शाळांतल्या मुलींनी विणलेले लोकरीचे गठ्ठेही हिमालयाकडे निघाले होते. त्यांच्यावर कुणी वाक्य केलं नाही.

आजीच्या आठवणीत शाळेत हिरवट खाकी लोकरीच्या लड्या आल्या. बाईंनी फळ्यावर माप लिहिलं. सगळ्या वर्गाला एकच. छाती अडतीस इंच.

मी विचारलं, 'आजी, सगळे जवान अडतीसचे कसे असतील?'

'नसणारच. पण दिसत थोडीच होते? ज्याला येईल त्यानं घालावा.'

तिनं मात्र आपला स्वेटर फळ्यावरच्या मापापेक्षा पाठीकडून चार बोटं लांब केला. कुणाला सांगितलं नाही. 'माझे वडील वाकून कापूस वेचायचे तेव्हा बंडी वर जायची आणि कंबर उघडी पडायची. जवान काय उभाच राहणार आहे का दिवसभर? वाकेल, झोपेल, खड्डा खणेल.'

युद्ध एका महिन्यात संपलं. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. शाळा सांभाळून एका स्वेटरला चौदा वर्षांच्या मुलीला साधारण तेवढेच दिवस लागतात. तिचा स्वेटर कुणाच्या अंगावर गेला हे तिला माहीत नाही. लांब पाठ त्याला उपयोगी पडली का, हेही नाही.

माप कुणाचं

अनोळखी माणसासाठी कपडा करायचा तर सरासरी काढावी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या सैन्यांनी गणवेशांसाठी हेच केलं. पण सरासरी कुणाची काढली, हा प्रश्न नेहमी मागे राहतो.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३९-४० मध्ये जवळपास १५ हजार बायकांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९ मापं. अहवाल १९४१ मध्ये आला आणि तयार कपड्यांच्या आकड्यांचा पाया त्यातून रचला गेला. हिशेबात फक्त गोऱ्या बायका धरल्या होत्या. आज आपण ऑनलाइन खरेदी करताना 'एम घेऊ का एल' म्हणतो, त्या अक्षरांच्या पूर्वजांमध्ये हा अहवाल आहे.

आपल्याकडे निफ्टनं अलीकडे 'इंडिया साइज' नावाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरनं २५ हजारांहून जास्त भारतीयांची मापं घ्यायची अशी आखणी. चांगलंच काम आहे. वयोगट ठेवला १५ ते ६५. आजी त्याच्या बाहेर आहे.

या भांडणाला जुना इतिहास आहे. विल्यम ली या इंग्रजानं १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र बनवलं. पुढे दोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, नॉटिंगहॅमच्या कामगारांनी अशी यंत्रं फोडायला सुरुवात केली. हेच ते लडाइट. आपण त्यांचं नाव तंत्रज्ञानाला घाबरणाऱ्या माणसाला चिडवायला वापरतो. माझ्या ऑफिसमध्ये तर एआयबद्दल शंका काढणाऱ्याला हे नाव दर आठवड्याला मिळतं. पण ते कामगार स्वतः यंत्रावरच काम करत होते. त्यांची एक मोठी तक्रार वेगळीच होती. पूर्वी यंत्रावरही मोजा पायाच्या आकारात, टाके कमी-जास्त करत विणला जायचा. मालकांनी रुंद सपाट कापड विणून ते कापून शिवायला सुरुवात केली. स्वस्त, पटकन आणि लवकर उसवणारं. मजुरी पडली आणि मालाचं नावही खराब झालं. म्हणजे बेतलेलं विरुद्ध कापलेलं, असं ते भांडण होतं. १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेनं यंत्रं फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली.

आजीचं गणित

आता स्वेटर. डिसेंबर-जानेवारीत सोयगावला पहाटे चांगलाच गारठा असतो. आजीला डोक्यातून घालायचा स्वेटर चालत नाही, कारण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शाल घेतली तर वाकल्यावर घसरते. बाजारातल्या कार्डिगनला पुढची बाजू गुडघ्याकडे लोंबते आणि पाठ वर चढते. वाकलेल्या पाठीचा हा नियमच आहे. मागचं अंतर वाढतं, पुढचं आटतं.

पिळांची वीण तिनंच निवडली. 'साधा नको. साधा कुणीही करतं.'

पण पीळ ही वीण मापाला फार त्रास देते. टाके एकमेकांवरून ओलांडून गेले की कापड आत ओढलं जातं आणि जाड होतं. म्हणून साध्या विणीचा हिशेब चालत नाही. दोन नमुने विणून मोजायला लागतात. आठ नंबरच्या सुयांवर, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, माझ्या हातानं साध्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी आल्या. (आपल्याकडे सुयांचे जुने इंग्रजी नंबर चालतात. नंबर वाढला की सुई बारीक.) पिळाच्या पट्टीत मात्र २४ टाके ९ सेंटिमीटरमध्येच मावले. साध्या विणीत त्यांनी १२ घेतले असते.

पाठीची रुंदी हवी ५३ सेंटिमीटर. साधी असती तर १०६ टाके. मध्ये पिळाच्या दोन पट्ट्या, म्हणजे ४८ टाके, १८ सेंटिमीटर. उरले ३५ सेंटिमीटर, त्याचे ७० टाके. एकूण ११८. हे बारा जादा टाके घातले नसते, तर पाठ सहा सेंटिमीटर तोकडी पडली असती.

उंचीसाठी एलिझाबेथ झिमरमन या बाईंचं स्मरण करायला हवं. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मल्या, अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिल्या. त्यांनी स्वेटरचं टक्केवारीचं सूत्र लोकप्रिय केलं. छातीच्या टाक्यांना शंभर टक्के धरायचं आणि बाही, गळा, मनगट त्याच्या टक्क्यांत काढायचं. त्यांचं १९७१ चं पुस्तक आजही विणणारे वाचतात. त्यांचा खरा मुद्दा असा, की पॅटर्नची हुकूमत मानू नका, सूत्र समजून घ्या आणि समोरच्या माणसाला मोजा.

मी आजीला मोजलं. मानेच्या मणक्यापासून पाठीच्या बाकावरून कमरेपर्यंत ४४ सेंटिमीटर. पुढे त्याच उंचीपर्यंत ३६. फरक आठचा. म्हणजे पाठीला साधारण २२ ओळी जास्त हव्यात, पण फक्त मधे. कडांना नाही, नाहीतर बाजूची शिवण जुळणार नाही. त्यासाठी ओळ पूर्ण न विणता मधेच वळायचं, परत मधेच वळायचं. अशा अर्धवट ओळींनी कापडाला फुगवटा येतो, मोज्याच्या टाचेला येतो तसा.

इथे पीळ पुन्हा आडवा आला. माझा पीळ दर सहाव्या ओळीला वळतो. २२ जादा ओळी घातल्या तर पिळांमधलं अंतर एका जागी बिघडणार आणि डोळ्यांना ते लगेच दिसणार. आजीनं कागद बघितलाही नाही. 'बावीस कशाला? चोवीस कर. चार पीळ जास्त येतील. कुणाला कळणार नाही.'

२४ ओळी म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. अर्धा सेंटिमीटर जास्त. 'राहू दे,' ती म्हणाली. 'पाठ अजून वाकायचीय.'

बाही रॅग्लन ठेवली. एका हात गमावलेल्या सेनापतीच्या नावाची बाही आखडलेल्या खांद्याला योग्य वाटली, आणि तिला काखेत जागाही मोकळी मिळते. उजवा मुंढा डाव्यापेक्षा ८ ओळी, म्हणजे जवळपास तीन सेंटिमीटर खोल. आधी उजवा हात घालायचा, मग डावा. बटणं दिसायला बटणंच, पण आत मोठी टिचबटणं, कारण बोटांचे सांधे सुजतात.

उसवलेला पुरावा

पिळांचे स्वेटर म्हटलं की आयर्लंडच्या आरन बेटांचं नाव येतं आणि मागोमाग ती प्रसिद्ध गोष्ट. प्रत्येक कोळी घराण्याची वीण वेगळी, म्हणजे बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखता यावा. ही गोष्ट खरी नाही. १९०४ च्या जे. एम. सिंग यांच्या नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती त्याच्या साध्या मोज्यात सुटलेल्या टाक्यांवरून. त्याचीच पुढे घराण्यांच्या विणीची दंतकथा झाली, आणि तिच्यावर पर्यटकांना भरपूर माल विकला गेला. आरनची पिळांची वीण प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आली. शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा, पण प्राचीन म्हणून मिरवलेली.

दंतकथा का पसरतात? कारण खरा पुरावा राहत नाही. लोकर महाग होती, म्हणून स्वेटर लहान झाला की उसवायचा, लडी करून गरम पाण्यातून काढायची, वाळवायची आणि धाकट्यासाठी पुन्हा विणायची. आपल्याही घरांत हेच झालं. पितळी भांडी राहिली, दागिने राहिले, खरेदीखतं राहिली. स्वेटर राहिले नाहीत. आजीनं साठ वर्षांत जे काही विणलं, त्यातल्या एका बाळटोपीशिवाय घरात आज काही नाही.

आणि जे बदल प्रत्येक बाईनं समोरचं माणूस बघून केले, ते तर कुठेच लिहिलेले नाहीत. छापलेल्या पॅटर्नमध्ये सरासरी शरीर असतं. पाठ चार बोटं लांब कर, हा निर्णय वहीत येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. कुणी केला, कधी, कशासाठी. दहा वर्षांनी कुणी विचारलं की ही विचित्र ओळ इथे का आहे, तर उत्तर सापडतं. विणकामात ती विचित्र ओळ हीच खरी विद्या होती आणि तिचीच नोंद नाही.

म्हणून मी आजीच्या स्वेटरची वही केलीय. त्यात ११८ टाके आहेत, उजव्या मुंढ्याच्या ८ ओळी आहेत, पाठीच्या २४ ओळी आहेत आणि प्रत्येकाशेजारी कारण आहे. सगळ्यांत वर तारीख घालून १९६२ ची एक नोंद केली आहे: 'जवानासाठी. छाती ३८. पाठ चार बोटं लांब, कारण माणूस वाकतो.'

तुमच्या घरात कुणी विणणारं असेल, तर त्यांना स्वेटर कसा करतात हे विचारू नका. ते व्हिडिओत सापडतं. पुस्तकात दिलेलं सोडून तुम्ही काय वेगळं केलंत आणि कुणासाठी, हे विचारा. आणि फोनवर का होईना, लिहून ठेवा.

आजीचा स्वेटर सध्या बाह्यांपर्यंत आलाय. परवा पाठीचा भाग तिच्या अंगावर टाकून बघितला. ती वाकली, ओसरीवरची वात उचलली, पुन्हा सरळ झाली. पाठ झाकलेली राहिली. मग तिनं चष्मा लावून पीळ मोजले आणि डावी बाही उद्या सुरू कर म्हणाली.